शिवराईची पारख

तांब्याचें नाणें हें गरिबाचें नाणें. सोन्याचा होन राजाच्या जामदारखान्यांत राहिला, चांदीचा रुपया सावकाराच्या पेटींत विसावला; शिवराई मात्र माळणीच्या ओटींत, शेतकऱ्याच्या कनवटीस आणि देवळापुढील तबकांत फिरत राहिली. सातारा व सांगली या दोन जिल्ह्यांत जुन्या वाड्यांतून आणि शेतकऱ्यांच्या घरांतून अजूनहि चारदोन शिवराया निघतात. कोठें त्या देवघरांत टाकांशेजारीं असतात, कोठें मुलाच्या गळ्यांतील दोऱ्यासाठीं भोंक पाडलेल्या, कोठें कागदपत्रांच्या रुमालांत विसरलेल्या. घरांतील कोणाला तरी केव्हां तरी आठवण होते आणि तो त्या घेऊन सराफाच्या पेढीवर जातो. प्रश्न ठरलेला असतो: "हें खुद्द शिवाजीमहाराजांच्या वेळचें नाणें, याचे काय येतील?" प्रश्न एक दिसतो, पण त्यांत दोन प्रश्न आहेत, आणि पहिल्याचें उत्तर विचारणारानें आधींच देऊन टाकलेलें असतें. नाण्यांचा जाणता संग्राहक नेमका तेथेंच थांबतो.

६ जून १६७४ रोजीं रायगडावर राज्याभिषेक झाला, आणि त्या सुमारास सोन्याचा होन व तांब्याची शिवराई अशीं दोन नाणीं नव्या छत्रपतींच्या नांवानें सुरू झालीं. शिवराईच्या एका अंगावर तीन ओळींत 'श्री राजा शिव', दुसऱ्या अंगावर दोन ओळींत 'छत्र पति', आणि भोंवतीं बारीक ठिपक्यांचें कडें, एवढाच मजकूर. चित्र नाहीं, साल नाहीं, टांकसाळीचें नांव नाहीं. विजापूरकरांचीं व दिल्लीकरांचीं नाणीं फारसी अक्षरांत पडत असतांना हीं ठसठशीत नागरी अक्षरें त्या काळच्या माणसाच्या डोळ्यांत खचित भरलीं असतील. नाण्याचें वजन साधारणतः अकरा ते तेरा ग्रॅम, म्हणजे जुन्या मापानें तोळ्याच्या आसपास. याच्या निम्म्या वजनाचीं लहान नाणींहि आढळतात.

साल नाहीं, ही गोष्ट वाचतांना किरकोळ वाटते. परंतु शिवराईच्या अभ्यासांतील सगळी अडचण त्या एका गोष्टींत आहे. महाराजांचें निधन १६८० सालीं झालें. पुढें शंभुराजे झाले, राजाराममहाराज झाले, १७०८ सालीं साताऱ्यास शाहूमहाराजांचा राज्याभिषेक झाला, पेशव्यांचा अंमल वाढला. पण तांब्याच्या पैशावरचें नांव बहुतांशीं तेंच राहिलें. बाजारांत ज्या नांवाला पत, तेंच नांव टांकसाळ पुन्हां पुन्हां ठोकते. ईस्ट इंडिया कंपनीसुद्धां १८३५ पर्यंत आपले रुपये दिल्लीच्या बादशहाच्याच नांवानें पाडीत होती, तें कांहीं बादशहावरील प्रेमामुळें नव्हे. नानासाहेब पेशव्यांच्या अमदानींत रेवदंडा, नागोठणें अशा ठिकाणीं खाजगी माणसांना तांब्याचे पैसे पाडण्याचे परवाने दिल्याचे कागद पेशवे दप्तरांत आहेत. सरकारांत भरणा किती करावयाचा आणि पैसा किती माशांचा पाडावयाचा, हें त्यांत नमूद केलेलें असे. अशा अनेक ठिकाणांहून शिवराया बाहेर पडल्या, आणि त्यांवर ठिकाणाचें नांव घालण्याची कोणाला गरज वाटली नाहीं. उत्तरकाळीं मागील अंगावर 'छत्र' आणि 'पति' यांच्या मध्यें दोन आडव्या रेघा असलेली शिवराई निघाली. लोकांनीं तिला 'दुदांडी' असें नांव दिलें, आणि १८१८ मध्यें पेशवाई बुडाल्यावरहि कंपनी सरकारनें ही दुदांडी कांहीं काळ चालू ठेवली. पुढें १८३५ च्या कायद्यांनीं सगळ्या मुलखासाठीं एकसारखें नाणें आलें, तरी शिवराई खेड्यांच्या बाजारांतून लगेच नाहींशी झाली नाहीं.

तेव्हां देवघरांतून निघालेली शिवराई बहुधा महाराजांच्या वेळची नसते. हें ऐकून नाणें आणणाराचा चेहरा उतरतो. तसें होण्याचें वास्तविक कारण नाहीं. एका राजाच्या नांवावर त्याच्या मागें जवळजवळ दीडशें वर्षें मीठ-मिरची विकली जावी, ही कांहीं लहान गोष्ट नव्हे. पण संग्राहकाला येथें भावनेनें चालतां येत नाहीं. त्याची पहिली परीक्षा काळाची असते, आणि ती अक्षरांवरून व वजनावरून करावी लागते.

अक्षरांचे भेद पुष्कळ आहेत. कोठें 'शिव', कोठें 'सिव', कोठें 'सीव'. कोठें 'पति', कोठें 'पती'. 'श्री'ची वेलांटी एका नाण्यावर डौलदार वळलेली, तर दुसऱ्यावर नुसती काठीसारखी उभी. हा पसारा प्रथम शिस्तीनें मांडून पाहिला तो एका परदेशी माणसानें. रेव्हरंड जस्टिन ॲबट या अमेरिकन मिशनऱ्यानें एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत हजारों शिवराया बाजारांतून गोळा केल्या, अक्षरांच्या फरकांवरून त्यांचे प्रकार लावले, आणि त्याजवरील लेख रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेच्या नियतकालिकांत छापला. पुढें मराठी संतांचीं चरित्रें इंग्रजींत नेणारे ॲबट ते हेच. त्या वेळीं शिवराई हें दुर्मिळ नाणें नव्हतें. वाण्याच्या गल्ल्यांतील सामान्य पैसा होता. ज्या वस्तूकडे कोणी दुसऱ्यांदां पाहात नव्हतें, तीच त्यांनीं मोजून ठेवली, हें त्यांचें खरें काम. त्यानंतरचा मोठा टप्पा म्हणजे के. के. माहेश्वरी व केनेथ विगिन्स यांचा मराठ्यांच्या टांकसाळी व नाणीं या विषयावरील इंग्रजी ग्रंथ. तो १९८९ मध्यें नाशिकजवळील अंजनेरीच्या नाणकशास्त्र संस्थेनें प्रसिद्ध केला.

अशुद्ध लिहिलेलें तें उत्तरकालीन आणि शुद्ध लिहिलेलें तें महाराजांचें, अशी एक सोपी समजूत विकणारांमध्यें आहे. ती टिकणारी नाहीं. ठसा कोरणारा कारागीर पंडित नव्हता, आणि ऱ्हस्वदीर्घाचा आजचा कांटेकोरपणा त्या काळच्या कागदपत्रांतहि दिसत नाहीं. जाणकार एका अक्षरावरून निकाल देत नाहींत. ते अक्षरांची एकंदर घडण, कड्यांतील ठिपक्यांचा रेखीवपणा, चकतीची जाडी आणि वजन हीं सगळीं मिळून पाहतात. वजनदार, जाड आणि रेखीव अक्षरांचीं नाणीं आधींचीं, हलकीं व ओबडधोबड नाणीं मागाहूनचीं, असा ढोबळ नियम आहे. त्याला अपवादहि आहेत. म्हणून अनुभवी संग्राहक नाणें हातीं घेतांच भिंगाच्या आधीं तराजू मागतो.

वजनाचा हा आग्रह आजचा नाहीं. राज्याभिषेकाच्या वेळीं इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झिंडेन रायगडावर होता. तहाच्या कलमांत त्यानें एक मागणी घातली होती, कीं इंग्रजांचें नाणें महाराजांच्या मुलखांत चालावें. तिला मिळालेलें उत्तर त्याच्या लिखाणांत नमूद आहे. प्रजेला तोटा होईल असें नाणें घ्यावयास राजा भाग पाडूं शकत नाहीं. इंग्रजांचें नाणें कसाला व वजनाला इतरांच्या बरोबरीचें असेल, तर त्याला मनाईहि नाहीं, असा त्याचा आशय होता. नाण्याची किंमत हुकुमानें ठरत नाहीं, धातूनें ठरते, हें या उत्तरांत स्पष्ट आहे. त्या काळीं प्रत्येक पेठेंत सराफ व पोतदार बसलेले असत. रुपया वाजवून, घासून, तोलून ते त्यावर बट्टा लावीत. रुपयाला तांब्याचे पैसे किती, हा भावहि पेठेपेठेंत वेगळा असे आणि तांब्याच्या तेजीमंदीबरोबर हालत असे. म्हणजे नाण्यांची प्रतवारी हा संग्राहकांनीं काढलेला नवा छंद नव्हे. जुन्या पारख्याचा प्रश्न मात्र वेगळा होता: यांत धातु किती? आजच्या पारख्याचा प्रश्न आहे: यावर वाचतां येतें किती?

हा फरक सांगली जिल्ह्यांत विशेष स्पष्टपणें दिसतो. खानापूर, विटें, आटपाडी, तासगांव या भागांतील गलाई कारागीर हिंदुस्थानभर पसरले आहेत. सोनेंचांदी गाळून शुद्ध करणें हा त्यांचा धंदा, आणि धातूची त्यांची नजर अशी तयार असते कीं ती पुस्तकांतून येणारी नव्हे. परंतु गलाईवाल्याच्या मुशींत वस्तूचा आकार पुसला जातो, तेव्हांच तिची खरी किंमत कळते. शिवराईचें याच्या अगदीं उलट आहे. तिच्यांतील तांबें तोळाभर, त्याची किंमत ती काय! अक्षर गेलें कीं सगळें गेलें. आणि अशीं किती तरी अक्षरें गेलीं आहेत. चलनांतून उतरल्यावर शिवराया तांबट-कासारांच्या भट्टींत गेल्या आणि त्यांचे हंडे, घागरी, पराती झाल्या. एखाद्या घरांतील जुन्या बंबांत शंभर शिवराया मुरलेल्या नसतीलच, असें कोणी सांगावें?

राहिलेल्या नाण्यांची प्रत ठरवावयाची कशी? विलायतेंतील व्यापाऱ्यांच्या श्रेणी आपल्याकडेहि चालतात: 'गुड', 'फाइन', 'व्हेरी फाइन', 'एक्स्ट्रीमली फाइन'. यांतील 'गुड' हा शब्द ऐकून कोणी फसूं नये. व्यापाऱ्याच्या भाषेंत 'गुड' म्हणजे पुरतें झिजलेलें नाणें. शाळेंत असा शेरा मिळाला तर पालक पेढे वांटतील, नाण्यांच्या बाजारांत त्याचे पैसेहि येत नाहींत. १९४९ मध्यें अमेरिकेंत डॉ. विल्यम शेल्डन यांनीं याहून नेमकी, एक ते सत्तर अशी आंकड्यांची श्रेणी काढली. तीहि गंमतीची गोष्ट अशी, कीं सोन्यासाठीं निघाली नव्हती. तेथील जुन्या तांब्याच्या मोठ्या सेंटांसाठीं निघाली होती. ज्याचा केवळ प्रकार ओळखतां येतो अशा नाण्याला एक, आणि निर्दोष नाण्याला सत्तर. आणि कल्पना अशी कीं सत्तर श्रेणीच्या नाण्याची किंमतहि पहिल्याच्या सत्तरपट असावी. किंमतीचें हें गणित फार दिवस टिकलें नाहीं, बाजार कोणाच्या कोष्टकांत राहात नाहीं. पण आंकडे मात्र जगभर रूढ झाले.

हे आंकडे शिवराईला जसेच्या तसे लावले तर मोठा घोटाळा होतो. यंत्राच्या दाबाखालीं निघालेल्या नाण्यावर सगळी मुद्रा एकदां पूर्ण उठलेली असते. पुढें जें कमी होईल, तें वापरामुळें. शिवराई हातानें ठोकलेली आहे. खालीं एक ठसा, वर दुसरा ठसा, मध्यें तांब्याची तापलेली किंवा थंड चकती आणि वरून घणाचा घाव. ठसा मोठा आणि चकती लहान, त्यामुळें सगळीं अक्षरें व ठिपक्यांचें अख्खें कडें एकाच नाण्यावर क्वचित् उतरतात. घाव तिरपा बसला तर 'श्री' खोल उमटते आणि 'शिव' फिकें राहतें. हात हालला तर अक्षरें दुहेरी होतात. म्हणजे जें अक्षर दिसत नाहीं, तें झिजून गेलें कीं मुळांत उमटलेंच नाहीं, हें आधीं ठरविलें पाहिजे. भिंगाखालीं तें दिसतें. झिजलेल्या जागीं पृष्ठभाग गुळगुळीत असतो व अक्षरांच्या कडा गोलावलेल्या असतात; न उमटलेल्या जागीं चकतीचा मूळचा खरखरीतपणा शिल्लक असतो. पहिला दोष वापराचा, दुसरा जन्माचा. म्हणून जाणते संग्राहक शिवराईच्या टिपणांत दोन शेरे वेगळे लिहितात: ठसा कसा बसला आहे, आणि झीज किती झाली आहे. पांचहि ओळी पूर्ण, दोन्हीं बाजूंचीं अक्षरें मध्यावर आणि कड्याचा मोठा भाग चकतीवर, अशी शिवराई मिळाली तर ती थोडी झिजलेली असली तरी तिला मान आहे.

यानंतर रंग. तांबें हवेनें तपकिरी होतें, मातींत राहिलें तर हिरवट किंवा काळपट थर धरतें. हा थर घट्ट व एकसारखा असेल तर तो नाण्याचें संरक्षणच करतो, आणि नाणें कोठें राहिलें असावें याची थोडी कल्पनाहि देतो. घरोघरीं मात्र नाणें सांपडलें कीं प्रथम चिंच आणि राख शोधली जाते. पूजेच्या भांड्यांना जी रीत योग्य, ती नाण्याला घातक. आंबटानें थर जातो, त्याबरोबर अक्षरांचा वरचा पापुद्राहि जातो, आणि लालभडक उघडें पडलेलें नाणें संग्राहकाच्या हिशेबीं निम्म्यानें उतरलेलें असतें. कित्येक चांगल्या शिवराया या भक्तीनें नासल्या आहेत. दुसरा एक हिरवा रंग खरोखर रोगाचा असतो: फिकट, भुसभुशीत, पुडीसारखा झडणारा. मिठाच्या क्षारांनीं तांबें आंतून खाल्लें जात असल्याची ती खूण आहे. असें नाणें इतरांपासून दूर, कोरड्या जागीं ठेवावें लागतें. स्वस्त मऊ प्लॅस्टिकच्या पाकिटांतहि तांबें खराब होतें. साधा आम्लरहित कागद बरा.

नदींतून निघालेल्या नाण्यांची गोष्ट आणखी वेगळी. वाई, क्षेत्र माहुली, कऱ्हाडचा प्रीतिसंगम, सांगलीजवळचें हरिपूर या कृष्णाकांठच्या तीर्थांवर पाण्यांत पैसा टाकण्याची चाल जुनी आहे. पाण्यांत राहिलेलें नाणें वाळूनें सर्व अंगांनीं सारखें घासलें जातें, आणि त्याचें वजन घटलेलें असतें. अशा नाण्याच्या वजनावरून त्याचा काळ ठरविणें धोक्याचें. आणि तें मुद्दाम सांगावें लागतें, कारण विकणारा तें नदींतलें आहे असें सांगत नाहीं.

किंमतीच्या बाबतींत प्रतीपेक्षांहि दुर्मिळतेचें वजन अधिक. साधी, अर्धवट अक्षरांची दुदांडी कितीहि जुनी दिसली तरी तिला फारशी किंमत येत नाहीं, कारण तशा नाण्यांचे ढीग उपलब्ध आहेत. याउलट 'श्री राजा शंभु' किंवा 'श्री राजा राम' असें वाचतां येणारें तांब्याचें नाणें झिजलेलें असलें तरी संग्राहक त्यासाठीं वाट पाहतात. शिवरायांच्या सोन्याच्या होनाची तर गोष्टच निराळी. तो इतका थोडा उरला आहे कीं त्याचा व्यवहार लाखांच्या भाषेंत चालतो. आणि जेथें लाखांची भाषा येते, तेथें खोटें नाणें मागोमाग येतें.

पूर्वी तांब्याचें खोटें नाणें काढण्यांत फायदा नव्हता, आज आहे. साच्यांत ओतलेल्या नाण्याचीं अक्षरें मेणासारखीं मऊ दिसतात, पृष्ठभागावर बारीक छिद्रें असतात, कडेला सांध्याची रेघ घासून टाकल्याची खूण असते, आणि वजन बहुधा जुळत नाहीं. सर्वांत चांगली साक्ष जुळ्यांची. हातानें ठोकलेलीं दोन नाणीं एकाच ठशाचीं असलीं तरी चकतीचा आकार, कडेची चीर, घावाची बाजू हीं सगळीं सारखीं असणें शक्य नाहीं. तीं सारखीं निघालीं तर दोहोंपैकीं निदान एक साच्यांतून आलें आहे. झिजलेल्या अस्सल नाण्यावर नव्यानें अक्षर कोरणारे कारागीरहि आहेत, आणि ते अधिक अवघड, कारण तेथें तांबें जुनें असतें, वजन बरोबर असतें. खोटें असतें तें फक्त अक्षर.

मात्र ज्या गोष्टीला बाजार किंमत देत नाहीं, ती इतिहासाला सर्वांत अधिक हवी असते: नाणें सांपडलें कोठें आणि कशाबरोबर. शिवराईवर साल नाहीं, ठिकाण नाहीं. तेव्हां तिची जन्मपत्रिका बनवावयाची ती तिच्या सोबत्यांवरूनच. शेत नांगरतांना किंवा पडक्या वाड्याचा पाया खणतांना तांब्याच्या पैशांचें मडकें निघतें. १८७८ च्या निखात निधीच्या कायद्याप्रमाणें दहा रुपयांहून अधिक किंमतीच्या अशा ठेव्याची वर्दी कलेक्टराकडे देणें आवश्यक आहे. मालक न निघाल्यास तीन चतुर्थांश सांपडविणाराला व राहिलेला भाग जमीनमालकाला, अशी त्यांत वांटणी आहे. सरकारनें ठेवा स्वतःकडे घेतल्यास धातूची किंमत आणि वर तिचा एक पंचमांश, असा मोबदला लिहिला आहे. हा कायदा लिहिणारांच्या डोळ्यांपुढें सोनें होतें. तांब्याच्या मडक्याला धातूची किंमत आणि वर पांचवा हिस्सा म्हटलें तर नांगरधाऱ्याचा त्या दिवसाचा रोजहि सुटतो कीं नाहीं, शंका आहे. मग तो वर्दी देत नाहीं. मडकें आठवडेबाजारांत जातें, तेथें किलोवर विकलें जातें, चांगलीं दहापांच नाणीं निवडून एका गांवीं जातात, बाकीचीं दुसऱ्या गांवीं, आणि उरलेलीं मोडींत. निवडलेलीं नाणीं पुढें सुरेख पाकिटांत, वर श्रेणीचा आंकडा घालून विकलीं जातात. आंकडा बरोबर असतो. मडकें मात्र कायमचें फुटलेलें असतें.

तेंच मडकें अख्खें एका माणसाच्या हातीं आलें तर काय होतें तें पाहावें. समजा, त्यांत आदिलशाही तांब्याचे पैसे आणि शिवराया एकत्र आहेत, आणि दुदांडी एकहि नाहीं. तर तें मडकें दुदांडी निघण्यापूर्वी पुरलें गेलें, आणि त्यांतील शिवराया अर्थातच त्याहून जुन्या, असें म्हणण्याला जागा मिळते. त्यांतल्या त्यांत कोणत्या शिवराया अधिक झिजलेल्या आणि कोणत्या ताज्या, हें पाहिलें कीं कोणत्या घडणीचीं अक्षरें आधींचीं व कोणतीं नंतरचीं, हाहि क्रम लागूं लागतो. सगळ्यांचीं वजनें मांडलीं कीं टांकसाळ किती माशांवर पैसा पाडीत होती, तो आंकडा त्या गर्दींतून वर येतो, आणि परवान्यांतील माशांशीं तो ताडून पाहतां येतो. या कामासाठीं सुंदर नाणेंच पाहिजे असें नाहीं. ज्यावर नुसता 'राजा' उरला आहे, अशी बाजारांत कोणी न घेणारी शिवराईहि त्यांत धरली जाते. म्हणून सातारा-सांगलीकडील कांहीं जुने संग्राहक नाण्याबरोबर एक चिठ्ठी ठेवीत आले आहेत: गांव, शेत कीं वाडा कीं नदी, किती नाण्यांबरोबर, वजन किती, आणि हातीं आलें त्या दिवसाची तारीख. श्रोत्यांपैकीं ज्यांच्या देवघरांत शिवराई असेल, त्यांना वडिलांकडून ती कोठून आली हें ऐकून ठाऊक असल्यास, तेवढें त्याच कागदावर लिहून नाण्याशीं ठेवतां येईल. चिंच मात्र स्वयंपाकघरांतच राहूं द्यावी.